ॲपलक्रॉसचं गेलिक नाव: दोन मोफत सेवांचं परीक्षण

एडिंबरा-ग्लासगोला शिकणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात निघालेली सातारकर कुटुंबं हल्ली स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्सचा फेरा हमखास जोडून घेतात. इन्व्हर्नेसहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं सुमारे ५०० मैल फिरून पुन्हा इन्व्हर्नेसला यायचं, हा 'नॉर्थ कोस्ट ५००' मार्ग २०१५ पासून चांगलाच गाजतो आहे. पश्चिम किनाऱ्याला लागलं की पाट्यांवर वर गेलिक, म्हणजे तिथली जुनी भाषा, आणि खाली इंग्रजी अशी दोन-दोन नावं दिसू लागतात. गाव एकच, पण कधीकधी दोन नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. फोनमधला नेहमीचा नकाशा रस्ता दाखवतो, पेट्रोल पंप दाखवतो. नावाचं मूळ आणि उच्चार मात्र त्याच्याकडे मिळत नाहीत.

त्यासाठी दोन सेवा आहेत. दोन्ही मोफत, आणि पोवई नाक्यावर बसूनही तेवढ्याच चांगल्या चालतात. पहिली 'अनमेन-आच्ये न हालप', म्हणजे स्कॉटलंडमधल्या गेलिक स्थळनामांची अधिकृत सूची. इंग्रजीत तिचं नाव 'गेलिक प्लेस-नेम्स ऑफ स्कॉटलंड'. शोधताना हेच टाकावं. दुसरी, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचं नकाशांचं संकेतस्थळ. पहिलीला पाचपैकी चार गुण, दुसरीला साडेचार. पण गुणांपेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी सूची, मग नकाशा. उलटं केलं तर जुन्या सर्वेक्षकानं कानाला जसं लागलं तसं लिहून घेतलेलं स्पेलिंगच खरं धरून बसण्याची वेळ येते.

तपासणीसाठी गाव घेतलं आहे ॲपलक्रॉस. रॉसशायरच्या पश्चिम किनाऱ्यावर, समोर राझे आणि त्यामागे स्काय ही बेटं, आणि खाडीच्या काठाला एका ओळीत उभी असलेली थोडकी घरं. इतकं लहान गाव मुद्दाम घेतलं, कारण इन्व्हर्नेससारख्या शहराची माहिती कुठंही मिळते. अशा सेवेची खरी कसोटी वाडीवस्तीवर लागते.

सूचीत इंग्रजी नाव टाकलं की गेलिक रूप येतं: 'अ ख़ॉमरिह्य'. अर्थ 'अभयस्थान'. इ.स. ६७३ मध्ये संत मेलरुव यांनी इथं मठ स्थापला आणि मठाच्या हद्दीत पाऊल टाकलेल्याला अभय असे, म्हणून हे नाव. मग 'ॲपलक्रॉस' कुठून आलं? सफरचंदाशी त्याचा संबंध नाही. आयरिश वार्षिक नोंदींत मठाच्या स्थापनेची जागा 'आपोरक्रोसान' अशी लिहिली आहे, म्हणजे क्रोसान नदीचं मुख. त्यातला 'आपोर' हा शब्द गेलिकच्याही आधी तिथं राहणाऱ्या पिक्ट लोकांच्या बोलीतला. तो झिजत, वळत 'ॲपल' झाला.

सातारच्या वाचकानं इथं जरा थांबावं. महाबळेश्वरच्या सवयीनं आपण धरून चालतो की इंग्रजी नाव वरून चिकटवलेलं आणि देशी नाव त्याखाली दबलेलं. विल्सन पॉइंटखाली सिंदोळा, आर्थर सीटखाली मढीमहाल. ॲपलक्रॉसला हा हिशेब लागू पडत नाही. इथं इंग्रजी पाटीवरच्या नावातच जुना, गेलिकपूर्व शब्द टिकून राहिला आहे आणि गेलिक नाव मठाची पुण्याई सांगतं. एक नदीवरून पडलं, दुसरं मठावरून. 'इंग्रजी नाव म्हणजे गेलिकचा अपभ्रंश' हे सूत्र किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांना लागू पडतं, पण सरसकट नाही. म्हणूनच प्रत्येक नाव स्वतंत्रपणे तपासून, ठरलेल्या लेखनपद्धतीत देणाऱ्या सूचीची गरज पडते. पाट्या आणि नकाशे यांवर कोणतं रूप लिहावं याचा सल्ला हीच संस्था देते. तिच्या भागीदारांत स्थानिक परिषदा, विद्यापीठं आणि ऑर्डनन्स सर्व्हे हे नकाशा खातंही आहे. त्यामुळे तिची नोंद म्हणजे कुणा एका हौशी अभ्यासकाचं मत नसतं.

आता शोधताना कुठं अडतं ते.

पहिली अडचण उपपदाची. गेलिकमध्ये 'द'सारखं उपपद नावाआधी येतं आणि पुष्कळदा नावाची सुरुवात बदलून टाकतं. मूळ शब्द 'कॉमरिह्य', सी-ओ-एम-आर-ए-आय-सी-एच. उपपद लागलं की सीनंतर एच येऊन तो 'ख़ॉमरिह्य' होतो. षष्ठीत, म्हणजे 'ॲपलक्रॉसचे लोक' असं म्हणताना, एच पुन्हा गळतो आणि उपपद 'न' होतं: 'न कॉमरिह्य'. आपल्याकडे 'वाई'चं 'वाईचा' होताना बदल शेवटी होतो; तिकडे तो सुरुवातीला होतो. म्हणून पाटीवरून किंवा लेखातून उचललेलं नाव सापडलं नाही तर दुसऱ्या जागेवरचा एच काढून एकदा आणि घालून एकदा शोधावं. उपपद टाकूच नये, फक्त मुख्य शब्द टाकावा. न सापडलेली बरीच नावं एवढ्यानं हाती लागतात.

दुसरी अडचण स्वरांवरच्या रेघेची. आजच्या गेलिक लेखनात दीर्घ स्वरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी एकच तिरकी रेघ वापरतात. १९८१ मध्ये ठरलेल्या लेखननियमांनी उलट्या दिशेची, म्हणजे चढती रेघ बंद केली. जुन्या नकाशांवर आणि पुस्तकांत दोन्ही दिसतात. जुनं रूप जसंच्या तसं उतरवून घेतलं तर ते आजच्या सूचीशी जुळेलच असं नाही. फोनच्या कळफलकावर स्वर दाबून धरला की रेघेचे प्रकार वर येतात. त्यातली उतरती निवडावी.

तिसरी अडचण एकाच नावाच्या अनेक जागांची, आणि फसगत करण्यात हिचा नंबर पहिला. शील्डेग नावाची गावं याच किनाऱ्यावर दोन आहेत. एक लॉख टोरिडनला (लॉख म्हणजे तळं किंवा समुद्राचा आत शिरलेला फाटा) जोडून असलेल्या लॉख शील्डेगच्या काठावरचं, १८०० मध्ये आरमाराला खलाशी मिळावेत म्हणून वसवलेलं. दुसरं उत्तरेला गेरलॉखजवळ, आणि त्याच्या शेजारच्या पाण्याचं नावही लॉख शील्डेगच. केनमोर ॲपलक्रॉसच्या द्वीपकल्पावर आहे, तसंच पर्थशायरमध्ये लॉख टेच्या काठीही आहे. पारगाव-खंडाळ्याला जायचं असताना लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याचं हॉटेल बुक करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, औंधाचंही तेच. सूचीतल्या नोंदीबरोबर जागेचा प्रकार, परगणा आणि ग्रिड रेफरन्स असतो. नाव वाचण्याआधी तो वाचावा. ॲपलक्रॉससाठी तो एनजी ७१ ४४ आहे. एनजी म्हणजे १०० किलोमीटरचा मोठा चौकोन, पुढचे दोन आकडे पूर्वेकडे, शेवटचे दोन उत्तरेकडे. चार आकड्यांनी एक किलोमीटरचा चौकोन ठरतो, सहा आकड्यांनी १०० मीटरचा. ही पद्धत आणि आपल्या जीपीएसचे अक्षांश-रेखांश एकमेकांत मिसळू नयेत.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा मोठी सवलत आहे, आणि ती जरूर वापरावी. सूचीत अनेक नावांना ध्वनिमुद्रण किंवा ध्वनिलिपीतला उच्चार दिलेला असतो. तो ऐकताना ध्यानात येईल की गेलिकमधले बी, डी, जी आपल्या प, त, क यांच्याजवळ जातात आणि पी, टी, सी आपल्या फ, थ, ख यांच्याजवळ. म्हणून देशाचं नाव लिहायचं 'अल्बा', पण कानाला 'अलप' असं लागतं. टी आणि डी ए-ओ-यू या जाड स्वरांजवळ आले की दंत्य असतात, अगदी आपल्या त-थसारखे. हा उच्चार इंग्रजी बोलणाऱ्याला शिकावा लागतो, आपल्या जिभेवर तो जन्मापासून आहे. तेच टी-डी ई-आय या बारीक स्वरांशेजारी च-जकडे झुकतात, म्हणून 'आच्ये'. सीएचचे दोन उच्चार आहेत: जाड स्वरांशेजारी उर्दूतला घशातला ख़, बारीक स्वरांशेजारी 'ह्य'. 'अ ख़ॉमरिह्य' या एका नावात दोन्ही भेटतात. बीएच आणि एमएच बहुधा 'व'. शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर. पण दोन-तीन शब्दांच्या स्थळनामात तो शेवटच्या, विशेष सांगणाऱ्या शब्दावर सरकतो. 'ब्यालख़ न बा' हे ॲपलक्रॉसला जाणाऱ्या खिंडीचं नाव म्हणताना जोर 'बा'वर. एवढं सांभाळलं तर तिकडच्या माणसाला नाव पहिल्या खेपेला कळतं.

सूचीचा एक गुण कापला तो व्याप्तीमुळे. गावं, बेटं, नद्या, मोठे डोंगर चांगले भेटतात. पण खडक, पुळण, ओढ्याचं वळण, शेताचा तुकडा अशी बारीक नावं तिथं बहुधा नसतात. जावळीत किंवा पाटणला ज्यांनी माळ, टेप, नाळ, पाणवठा यांची नावं गोळा केली आहेत त्यांना माहीत आहे की गावाचा खरा इतिहास या बारीक नावांतच असतो. त्यांच्यासाठी दुसरी सेवा.

नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर 'जिओरेफरन्स्ड मॅप्स'चं, म्हणजे आजच्या नकाशावर बसवलेल्या जुन्या नकाशांचं, पान उघडावं. डावीकडे मालिकांची यादी मिळते. त्यातली 'सिक्स इंच' मालिका, १८८८ ते १९१३ ची, निवडावी. सहा इंचाला एक मैल, म्हणजे १:१०,५६०. आपल्या १:५०,००० च्या टोपोशीटपेक्षा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशापेक्षा) जवळजवळ पाचपट मोठं प्रमाण. प्रत्येक घर, कुंपण, विहीर वेगळी दिसते. पारदर्शकतेची सरकपट्टी हलवली की खालून आजचं उपग्रहचित्र उमटतं आणि जुनी घरं आजच्या गवताळ चौथऱ्यांवर बरोबर येऊन बसतात. 'साइड बाय साइड' या पानावर दोन नकाशे शेजारीशेजारी उघडतात आणि एकात कर्सर हलवला की दुसऱ्यात तीच जागा दाखवली जाते. हे काम लॅपटॉपवरच करावं. फोनवर दोन चौकटी इतक्या अरुंद होतात की नावं वाचता येत नाहीत. अर्धा गुण त्यासाठी कापला.

या नकाशांवर घरांच्या खुणा नीट पाहाव्यात. छप्पर असलेलं घर भरीव किंवा रेघांनी भरलेलं असतं, छप्पर पडलेलं नुसतं कोऱ्या चौकटीचं. द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाड्या पाहताना कोऱ्या चौकटींचे झुबके दिसले तर सर्वेक्षणाच्या आधीच वस्ती उठलेली होती असं समजावं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं ज्यांनी जुन्या टोपोशीटवर शोधली आहेत, त्यांना अशा नकाशाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

तिथली 'जीबी१९००' नावांची शोधसूची फार उपयोगाची आहे. सहा इंची नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरची पंचवीस लाखांच्या आसपास नावं आणि मजकूर स्वयंसेवकांनी एकेक करून उतरवला आहे. मात्र तिची एक खोड ध्यानात ठेवावी. खूण जागेवर नसते, नकाशावर छापलेल्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी असते. लांब नाव नकाशावर कित्येकशे मीटर पसरलेलं असतं, त्यामुळे खूण समुद्रात आणि वस्ती टेकडीवर असं होऊ शकतं. शिवाय नाव दोन ओळींत मोडलेलं असलं किंवा अक्षरं दूरदूर विखुरलेली असली तर ते अर्धवटच उतरलेलं असण्याची शक्यता असते. म्हणून खुणेवर थांबू नये, नकाशा मोठा करून छापील नाव स्वतः वाचावं.

जुना आणि नवा नकाशा काही ठिकाणी थोडे सरकलेले दिसतात. यात संकेतस्थळाचा दोष नाही. जुने नकाशे परगण्यागणिक वेगवेगळ्या मध्यरेषा धरून काढलेले होते, ते आजच्या एका चौकटीत बसवताना काठाला फरक राहतोच. जुनी टोपोशीट पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' या जुन्या मापावर आणि जीपीएस 'डब्ल्यूजीएस-८४' या नव्या मापावर, म्हणून आपल्याकडेही खिंड शेजारच्या धारेवर गेलेली दिसते. कारण त्याच जातीचं आहे. किनाऱ्याची रेघ, पूल, चर्च अशा न हलणाऱ्या दोन-तीन खुणा जुळवून अंदाज घ्यावा.

जुन्या नावांसाठी त्याच ठिकाणी विल्यम रॉय या लष्करी सर्वेक्षकाचा १७४७ ते १७५५ या काळातला लष्करी नकाशाही आहे. दिसायला देखणा आहे, पण नावांसाठी त्यावर विसंबू नये. गेलिक न जाणणाऱ्या लष्करी माणसांनी कानावर पडेल तसं लिहिलेलं आहे; 'साताऱ्या'चं 'सॅट्टारा' करणाऱ्यांच्याच परंपरेतलं. त्याहून १९५५ ते १९६१ ची एक इंची मालिका जास्त कामाची. शील्डेगहून ॲपलक्रॉसला येणारा आजचा किनाऱ्याचा अखंड रस्ता तिच्यावर नाही, कारण तो १९७० च्या दशकात पुरा झाला. त्याआधी गावात गाडी न्यायची तर ब्यालख़ न बा हीच वाट, आणि बर्फ पडलं की ती बंद. या एका गोष्टीवरून समजतं की उत्तरेकडच्या वाड्या ओस का पडल्या आणि त्यांची नावं फक्त नकाशावर का उरली.

ब्यालख़ न बा म्हणजे गुरांची खिंड. ६२६ मीटर उंच, आणि सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात साधारण तेवढीच उंची आपण चढतो. फरक रुंदीचा. तिकडे एकच गाडी मावेल एवढा रस्ता, मधूनमधून बाजूला थांबायच्या जागा, आणि काही ठिकाणी पाचास एक असा चढ. पायथ्याची पाटी नवशिक्या चालकांना, फार मोठ्या गाड्यांना आणि कॅराव्हॅनना जाऊ नये असं स्पष्ट सांगते. ती मानावी आणि किनाऱ्याचा रस्ता धरावा. खिंडीचं नाव शोधतानाही जपून: 'ब्यालख़ नम बो' या जवळपास सारख्याच नावाची खिंड दक्षिणेला लॉख कॅट्रिनजवळ आहे. अर्थही तोच, जागा मात्र लांबच्या वळशावर.

प्रवासात मात्र कागदी नकाशा हवाच, कारण डोंगराआड मोबाइलची रेंज जाते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ४२८ क्रमांकाचा नकाशा घ्यावा. काइल ऑफ लॉखॲल्श, प्लॉक्टन आणि ॲपलक्रॉस त्यात येतात. प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला एक किलोमीटर. गाडीतून फिरण्यापुरता लँडरेंजर २४ पुरे, त्याचं प्रमाण आपल्या टोपोशीटइतकंच. बारीक नावं हवी असतील तर लँडरेंजरवर पैसे घालू नयेत, प्रमाण लहान असल्यानं त्यातली कितीतरी नावं गळालेली असतात.

सूचीत नसलेलं नाव नकाशावर सापडलं तर त्याची फोड करायला थोडे शब्द पुरतात. 'कामस' म्हणजे छोटी खाडी. ॲपलक्रॉसच्या दक्षिणेला कामसटील आणि कामसटेरख़ आहेतच. 'आर्द' म्हणजे भूशिर, 'रु-अ' म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक, 'अल्त' म्हणजे ओढा, 'त्राय' म्हणजे पुळण. शेवटी 'एग' आलं तर बहुधा ते गेलिक नव्हे, नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या, दर्यावर्दींचं 'वीक', म्हणजे खाडी: शील्डेग ही हेरिंग माशांची खाडी, डायबेग ही खोल खाडी. पण ही फोड अंदाज म्हणूनच वहीत लिहावी आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवावं. 'लोन' हा शब्द मुख्य भूमीवर बहुधा ओलसर कुरण दाखवतो आणि स्कायमध्ये संथ ओढा. समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांवर एकाच शब्दाचे दोन अर्थ. तिथं प्रत्यक्ष जमीन पाहूनच ठरवावं लागतं.

ज्या नावाला सूचीत ध्वनिमुद्रण नाही, त्यासाठी 'तोपर अन दुअलख़श' हे मौखिक परंपरेचं मोफत संग्रहालय चाळावं. त्या त्या भागातल्या जुन्या माणसांची हजारो ध्वनिमुद्रणं तिथं आहेत आणि ठिकाणानुसार शोधता येतात. ॲपलक्रॉस आणि आसपासच्या परगण्याची निवडून ऐकावीत. बोलण्याच्या ओघात गावाचं नाव येतं तेव्हा आघात आणि स्वरांची लांबी सुट्या उच्चारापेक्षा जास्त खरी कळते.